घराच्या मागच्या भिंतीवर कायोटी दिसला, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून ॲरिझोनातल्या चँडलरला, म्हणजे फिनिक्सजवळ, आलेल्या एका ताईंना रात्री साडेनऊला बॅकयार्डच्या भिंतीवर कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी, उभा दिसला. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, शिह त्झू जातीचा छोटा कुत्रा आहे, आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत आणि बाबा पहाटे एकटेच कॅनॉलच्या कडेने फिरायला जातात. तर कोणाला तरी बोलवून त्याला पकडून लांब डोंगरात सोडायला सांगायचं का, की सरळ घर बदलायचं, असं त्यांनी विचारलंय.

घर बदलू नका, बदलून जाणार कुठे? स्कॉट्सडेलला गेलात तर मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह हे राखीव रान शेजारी, अहवाटुकीला गेलात तर मागे साउथ माउंटन, आणि गिल्बर्टला गेलात तर तिथे कॅनॉल आणि तळी आहेतच. मी या भागात घरांच्या कम्युनिटीज सांभाळायचं काम करते, म्हणजे एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) मॅनेजर, बरीच वर्षं झाली, आणि कायोटीची तक्रार घेऊन येणाऱ्यांत आपले देशी लोक भरपूर असतात कारण आपल्याकडे दारात वाघ-बिबट्या आला की बातमी होते, इथे हा प्राणी दिसणं रोजचं आहे हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

पहिलं म्हणजे त्याचा आकार. आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद आहे, त्याच्याहून थोडा उंच, लांब पाय, मोठे कान, शेपटी खाली सोडलेली. वाळवंटातला कायोटी साधारण सात ते अकरा किलोचा असतो, हिवाळ्यात केस वाढले की उगाच दांडगा वाटतो. भिंतीवर उभा असताना खालून बघितला, त्यात मागून लाइट, की लोक मला "लांडगा आलाय" म्हणून फोन करतात. लांडगा नाहीये.

दुसरं, "आपण त्यांच्या जागेत घरं बांधली म्हणून बिचारे उपाशी शहरात येतात" हे ऐकायला बरं वाटतं पण अर्धंच खरं आहे. यातले बरेचसे कायोटी इथेच, आपल्या सबडिव्हिजनच्या मागच्या वॉशमध्ये जन्मलेले असतात. वॉश म्हणजे ते कोरडे ओढे, पाऊस पडला की तासभर वाहणारे. ते आणि कॅनॉलच्या कडेचे कच्चे रस्ते हे त्यांचे हायवे आहेत. बाहेर वाळवंटात त्याला एका सशासाठी रात्रभर हिंडावं लागतं आणि इथे आपण काय केलंय, तर हिरवळ लावली, त्यावर ससे पोसले, गोल्फ कोर्स केले, तळी केली, झाडांना ड्रिप दिलं. थोडक्यात सोयच करून ठेवलीये.

आणि वेळेचंही बघा. उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर, डांबरावर कुत्र्याचे पाय भाजतात, त्यामुळे आपण सगळे कुत्रा घेऊन पहाटे पाचला नाहीतर रात्री नऊला बाहेर पडतो. कायोटीलाही तोच गारवा हवा असतो. म्हणून इथे गाठभेट जास्त होते, तो तुमच्या मागावर असतो म्हणून नाही. बरं, दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला हेही खरं नाही, घरी पिल्लं असली की त्याला भरदुपारीसुद्धा शिकारीला निघावं लागतं.

आता पकडून लांब सोडण्याचं. ॲरिझोना गेम अँड फिश डिपार्टमेंट, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, हे काम करत नाही, नुसता दिसला म्हणून तर अजिबात नाही, आणि माणसांवर धावून जाणारा असेल तर त्याला सोडत नाहीत, मारतात. लांब सोडलेला प्राणी अनोळखी जागेत, दुसऱ्याच्या हद्दीत, एक तर मरतो नाहीतर परतीच्या वाटेवर गाडीखाली येतो. हे आपल्याला वेगळं सांगायला नको खरं तर, जुन्नरला काय झालं आठवा. २००१ पासून तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा सपाटा लावला आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडून दाखवलंय. कायोटी बिबट्याइतका धोकादायक नाही पण जागा रिकामी केली की काय होतं ते गणित तेच आहे.

मारून टाकायचं म्हणाल तर त्यानेही सुटत नाही. ठरलेल्या हद्दीतली जोडी मेली की आजूबाजूला भटकणारे तरुण कायोटी महिन्याभरात तिथे येऊन बसतात, आणि संख्या कमी झाली, खाणं भरपूर राहिलं की जास्त पिल्लं होतात आणि त्यातली जास्त जगतात. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक गणिती मॉडेल केलं होतं, त्यात दरवर्षी ७५ टक्के मारत राहिलं तरी त्यांचा निकाल लागायला ५० वर्षांहून जास्त लागतील असं निघालं. अमेरिकेत शंभरेक वर्षं गोळ्या, विष, सापळे सगळं करून झालंय आणि हा प्राणी कमी व्हायच्या ऐवजी पूर्वेच्या समुद्रापर्यंत पोचला. शिवाय शहराच्या हद्दीत बंदूक चालवणं हा इथे गंभीर गुन्हा आहे, शॅनन्स लॉ म्हणतात, तेव्हा शेजारचा कोणी "मी बघतो त्याच्याकडे" म्हणाला तर त्याला थांबवा.

म्हणजे कायोटी राहणारच. तो किती लांबून राहील हे मात्र तुमच्या यार्डवर आणि तुम्ही त्याला बघून काय करता यावर आहे, माझं सगळं काम या दोनच गोष्टींभोवती चालतं.

खाण्यापासून सुरू करू, कारण ९० टक्के घोळ तिथे असतो, आणि आपल्या घरांत तर फारच. आई-बाबा आलेत म्हणालात ना, मग मी पैज लावते की शिळी पोळी कुस्करून यार्डात चिमण्यांना जात असेल आणि उरलेला भात झाडाच्या मुळाशी. सगळ्यांकडे जातो, माझ्या सासूबाईसुद्धा तेच करायच्या. आता बघा काय होतं: पोळीवर चिमण्या आणि ते तुरेवाले लावे येतात, त्यांनी सांडलेल्यावर रात्री उंदीर येतात, ससे हिरवळीवर असतातच, आणि या सगळ्यांच्या मागे कायोटी येतो. त्याला पोळी नको असते असंही नाही, तो पोळीही खातो. पितृपक्षात एका घरी भिंतीवर पान वाढून ठेवलं होतं, कावळे इथे जवळपास नाहीत, काळे लांब शेपटीचे ग्रॅकल येऊन थोडं टोचून गेले, आणि बाकी पान, वडे-खिरीसकट, रात्री कायोटीने साफ केलं. घरातल्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. आजोबा म्हणाले पितर पोचले, पण पुढचे पंधरा दिवस तो रोज त्याच वेळेला त्याच जागी येऊन बघत होता, आणि मग घरचे घाबरले. पान ठेवायचं तर ठेवा, पण तासाभराने उचला.

कायदाही माहीत असू द्या. मॅरिकोपा आणि पिमा काउंटीत, म्हणजे फिनिक्स आणि टूसॉन दोन्हीकडे, वन्यप्राण्यांना मुद्दाम किंवा बेफिकीरपणे खायला घालणं गुन्हा आहे, दंड होतो. पक्षी आणि झाडावरच्या खारी यांना सूट आहे. पण पक्ष्यांच्या नावाखाली दाण्यांचा सडा घालून ठेवलात तर शेजारी तक्रार करणार आणि ती माझ्यासारखीच्याच टेबलावर येणार.

अजून काय काय आकर्षण असतं: कुत्र्याचं बाहेर ठेवलेलं खाणं आणि पाण्याचं भांडं, ग्रिलखालचा तेलकट ट्रे, उघडं कंपोस्ट. आणि फळं. संत्री-ग्रेपफ्रूटची झाडं असतील तर पडलेली फळं रोज उचला, खजुराच्या झाडाखालचा सडाही. मेस्किटच्या शेंगा उन्हाळ्यात पडतात, आपल्या वेड्या बाभळीचीच जवळची नातलग ती, शेंगा गोड असतात आणि कायोटी त्या आवडीने खातो. निवडुंगाची लाल बोंडंसुद्धा खातो. त्याची विष्ठा बघितलीत तर लक्षात येईल, कधी नुसत्या बिया, कधी सशाचे केस पीळ घातल्यासारखे, आणि त्यावरून तो तुमच्या गल्लीत काय खातोय ते कळतं. बियांची असेल तर झाडाखाली झाडू मारा, मांजराच्या खाण्याचे रंगीत दाणे दिसले तर कोणीतरी भटक्या मांजरांना घालतंय.

हे शेवटचं नीट वाचा. कायोटी धीट झालाय, मेलबॉक्सपाशी सकाळी आठला बसून राहतो, हाकललं तर दहा पावलं सरकून परत बसतो, अशी तक्रार आली की मी कायोटीला शोधत नाही, घर शोधते. बहुतेक वेळा एक घर सापडतंच. कोणी मागच्या वॉशमध्ये मांजरांसाठी ट्रे ठेवतं, कोणी पोरांना दाखवायला चिकनचे तुकडे टाकतं. ते थांबलं की काही आठवड्यांत प्राणी परत लांबून जायला लागतो. शेजाऱ्याशी बोलायला संकोच वाटतो मान्य आहे, मग एचओएला सांगा, आम्ही नाव न घेता सगळ्यांना पत्र पाठवतो.

उंदरांवरून आठवलं, फिनिक्स भागात रूफ रॅट भरपूर आहेत आणि पेस्ट कंट्रोलवाले विषाच्या पेट्या लावून जातात. तो उंदीर कायोटीने, घुबडाने किंवा तुमच्या कुत्र्याने खाल्ला की विष त्यांच्यात जातं. सापळे वापरा, फळं उचला. उंदीर मारणारा फुकटचा प्राणी आपणच मारायचा, यात कसला शहाणपणा.

आता भिंत. आपल्याला वाटतं सहा फुटी ब्लॉकची भिंत आहे, काय येणार. तो पळत येतो, उडी मारून पुढचे पंजे वरच्या कडेला टाकतो, मागचे पाय ब्लॉकच्या सांध्यात रोवतो आणि वर. उद्या सकाळी उजेडात भिंतीच्या दोन्ही बाजू बघा, बाहेरच्या बाजूने एकाच ठिकाणी धुळीचे ओरखडे दिसतील, खाली सरळ घासल्यासारखे, तोच त्याचा जिना. आणि बहुतेक वेळा आतल्या बाजूला बरोबर तिथेच काहीतरी असतं, एसीचं युनिट, उपडी कुंडी, कचऱ्याचा डबा, झोपाळ्याची चौकट, म्हणजे त्याला बाहेर पडायलाही पायरी. ती वस्तू हलवा, निम्मं काम होतं. मागे लोखंडी गजांची व्ह्यू फेन्स असेल तर गजांमधून ससे आरपार जातात, त्यांच्यामागे पिल्लं आणि बारीक कायोटीही शिरतात, तिथे खालच्या दोन फुटांना बारीक जाळी लावा. साइडच्या गेटखालची फट विसरू नका.

भिंतीच्या वरच्या कडेला फिरणारा पाइप लावतात, रोलर म्हणतात. पंजा टाकला की पाइप फिरतो, पकड मिळत नाही, तो खाली. चांगला चालतो, पण पूर्ण लांबीला लावला तरच, मध्ये दोन फूट सोडलेत तर त्याला ते दोन फूट सापडतात. कुंपणाला लागून कण्हेरीची दाट रांग असेल (इथे जुन्या वस्त्यांत सगळीकडे आहे) तर खालून दीड-दोन फूट साफ छाटून घ्या, दुपारी पडी टाकायला त्यांना अशी गार सावली आवडते. छाटताना हातमोजे घाला, चीक वाईट असतो, आणि कुत्र्याला पानं चघळू देऊ नका. नवीन काही लावायचंच असेल तर बोगनवेल लावा. अल्ट्रासॉनिक यंत्रं, लांडग्याच्या मुताच्या बाटल्या यावर पैसे घालवू नका, चार दिवसांत तो ओळखतो की यामागे कोणी नाहीये.

शिह त्झूबद्दल स्पष्ट बोलते. सहा-सात किलोचा कुत्रा आणि मोठा ससा यात कायोटीला फार फरक दिसत नाही. भिंत असली तरी अंधारात आणि पहाटे त्याला यार्डात एकटं सोडायचं नाही, "दोन मिनिटं शू करून येईल" असं पण नाही, जे होतं ते दोन मिनिटांतच होतं. आधी तुम्ही बाहेर जा, लाइट लावा, टाळ्या वाजवा, भिंतीवरून नजर फिरवा, मग त्याला आणा. डॉग डोअर रात्री बंद. बाहेर फिरवताना सहा फुटी साधा पट्टा, ती लांब सुटणारी दोरीची नको कारण तुमच्यापासून पंधरा फुटांवरचा छोटा कुत्रा एकटाच असतो. काटेरी जाकीट मिळतं, ते घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर सोडू नका. घुबडांचा आणि मान्सूनमध्ये विषारी बेडकांचा धोकाही आहे, त्यामुळे रात्री सोबत राहायची सवय सगळ्यालाच कामी येते.

एक कायोटी गोड वागून कुत्र्याला भुलवून नेतो आणि पुढे टोळी दबा धरून असते ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तसं नसतं. कुत्रा त्याच्यामागे धावतो, तो आपल्या घराकडे पळतो, तिथे त्याचं कुटुंब असतं, कुत्रा फसतो. आणि रात्री पंधरा-वीस जण ओरडल्यासारखं ऐकू येतं ते बहुतेक दोन-तीनच असतात, आवाज फिरवत ओरडतात म्हणून गर्दी वाटते. शिकार मिळाली म्हणून जल्लोष वगैरे काही नाही.

आता हाकलणं. यालाच इथे हेझिंग म्हणतात. दिसला की अंग मोठं करायचं, दोन्ही हात वर, त्याच्याकडे दोन पावलं जायचं आणि पोटातून ओरडायचं. बाबांना सांगा, पुण्यात कुत्र्याला करतात तसं खणखणीत "हाड! हाड!" करा, भाषा कुठलीही चालते, आवाजात दम पाहिजे. हातात काठी, खिशात शिट्टी, नाहीतर सोड्याच्या रिकाम्या कॅनमध्ये चिल्लर घालून तोंडाला टेप लावा, तो खडखडाट त्यांना अजिबात आवडत नाही. यार्डात असेल तर पाण्याचा पाइप सोडा. त्याच्या आसपास खडे मारा, डोक्यावर नाही. मुख्य म्हणजे मध्येच थांबायचं नाही. तो पाच पावलं जाऊन वळून बघतो, लोक तिथे खूश होऊन घरात येतात, आणि तो शिकतो की इतकंच असतं. नजरेआड होईपर्यंत चालू ठेवा. त्याला पळायला वाट ठेवा, कोपऱ्यात कोंडू नका. काचेमागून ओरडून फार उपयोग नाही, बाहेर या, त्याला कळू दे की हे माणूस करतंय. पळायचं मात्र कधीही नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकायचं, मूल आणि छोटा कुत्रा उचलून.

याला एक अपवाद आहे. मार्च ते मे पिल्लांचे दिवस, साधारण चार ते सात पिल्लं होतात, तेव्हा एखादा कायोटी तुमच्या आणि कुत्र्याच्या मागे मागे ठरावीक अंतर ठेवून चालत येईल. तो तुम्हाला बिळापासून लांब पोचवायला आलेला असतो. तिथे आरडाओरडा नको, कुत्रा जवळ घ्या, शांतपणे बाहेर पडा आणि महिना-दोन महिने तो रस्ता सोडा. जखमी किंवा लंगडणाऱ्यालाही हाकलू नका, कळवा. आत्ता ऑक्टोबर चालू आहे, यंदाची पिल्लं आईबाप सोडून स्वतःची जागा शोधायला निघतात ते हेच दिवस, त्यामुळे तुमच्या भिंतीवरचा बहुधा असाच एखादा नवखा पोरगा असावा. त्याला आत्ताच तुमचं यार्ड नकोसं वाटायला लावणं सोपं आहे, सहा महिन्यांनी अवघड जाईल.

मुलीबद्दल. कायोटीमुळे माणूस मेल्याच्या अमेरिका-कॅनडात मिळून दोनच नोंदी आहेत, १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला (आपलं शेजारचं ग्लेंडेल नव्हे) तीन वर्षांची मुलगी आणि २००९ मध्ये नोव्हा स्कोशियात एक तरुणी. चावण्याच्या घटना होतात, पण कमी, आणि पुष्कळदा तिथे कोणीतरी आधी खायला घालत असतं. तीन वर्षांचं मूल यार्डात एकटं सोडायचं नाहीच, पण खरं सांगू का, कायोटीपेक्षा मला तुमच्या पूलची काळजी जास्त आहे, पूल असेल तर. ॲरिझोनात एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं मोठं कारण बुडणं आहे. कुंपण आणि आपोआप बंद होणारं गेट आहे ना ते आधी बघा. मुलीला इतकंच शिकवा की "भूभू" दिसला की पळायचं नाही, मोठ्याने हाक मारायची.

रेबीज इथे मुख्यतः वटवाघळं, स्कंक आणि खोकडांत असतो, कायोटीत क्वचित. तरी चावला किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच इमर्जन्सीला जा, इन्शुरन्सचा विचार नंतर. आई-बाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर त्याचा कागद हाताशी ठेवा. कुत्र्याची लस आणि काउंटीचं लायसन्स चालू आहे ना बघून घ्या.

कळवायचं कधी? भिंतीवर दिसला, रस्ता ओलांडताना दिसला, एवढ्यासाठी नाही. हाकलूनही जात नाही, माणसाच्या जवळ येतो, पट्ट्यावरच्या कुत्र्यावर झेप घेतो, मुलांच्या मागे येतो, तर गेम अँड फिशला फोन करा आणि वेळ, जागा, तो नक्की काय करत होता, जवळ कुत्रा किंवा खाणं होतं का हे सांगा. नुसतं "खूप डेंजर वाटला" याचा त्यांना काही उपयोग होत नाही. आई नसलेली पिल्लं सापडली तर घरी आणू नका, स्कॉट्सडेलला साउथवेस्ट वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सेंटर आहे, त्यांना विचारा.

बाबांचं फिरणं बंद करू नका, अर्धा तास उशिरा, थोडं उजाडल्यावर निघू दे, काठी आणि शिट्टीसकट, आणि कानात भजनं लावून नको. रोलर लावायचा असेल तर आधी एचओएच्या आर्किटेक्चर कमिटीची परवानगी लागते, भिंतीचा फोटो, लांबी आणि पाइपचा रंग अर्जात लिहा, रंग भिंतीशी जुळता असेल तर मंजुरी लवकर येते. शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत असेल तर त्याची सहीही आत्ताच घ्या, आमच्याकडे अर्ज अडकतात ते बहुतेक त्या एका सहीपायी.